घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरला बाहेरून काय लावावं?

आडवाटे

नमस्कार मंडळी. दोघांना झोपता येईल एवढा, थेंबाच्या आकाराचा कॅम्पर ट्रेलर बांधतोय. चासी तयार आहे, वर प्लायवूडची पेटी उभी राहिली आहे. बाजूच्या भिंती १२ मिमी मरीन प्लायच्या (पाणी सोसणाऱ्या गोंदाचा प्लाय), छताची कमान ३ मिमीचे दोन थर एकमेकांवर चिकटवून वळवलेली. दार-खिडक्यांची भोकं कापून झालीत, चौकटी अजून बसवलेल्या नाहीत. आता घोडं अडलंय ते बाहेरच्या फिनिशवर.

वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. एक जण म्हणतो इपॉक्सी (दोन द्रव कालवून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) आणि फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाशिवाय प्लाय उघड्यावर ठेवूच नका. दुसरा म्हणतो घराच्या बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग पुरतो. तिसरा सरळ ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतो. माझा ट्रेलर बाराही महिने ऊन-पावसात उभा राहणार. स्प्रेची सोय नाही, रोलर आणि ब्रश एवढंच. शिवाय घरच्यांची (म्हणजे घरातल्या एकाच व्यक्तीची) अट आहे की बाजूच्या भिंतींवर लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत.

तुम्ही काय लावलंत आणि ते कितपत टिकलं?

पत्रेवाला

पत्रा. विषय संपला.

झिपरी

पत्रेवाला, तुमचा आयडी बघता हे उत्तर अनपेक्षित होतं. :)

सुतारपक्षी

आडवाटे, काय लावायचं हा दुसरा प्रश्न. पाणी कुठून शिरतं हा पहिला.

मी जेवढे कुजलेले ट्रेलर उघडून बघितलेत त्यात भिंतीच्या मधोमध कुजलेला प्लाय क्वचितच सापडला. कुजतात त्या कडा. खिडकीची खालची कड, दाराचा उंबरा, छत आणि भिंत मिळते तो सांधा, आणि दिव्याची वायर बाहेर काढायला पाडलेलं भोक. प्लायच्या उघड्या कडेला लाकडाच्या नळ्यांची तोंडं बाहेर असतात, स्ट्रॉच्या जुडग्यासारखी. पृष्ठभागावर तुम्ही काहीही भारीतलं लावा, कड उघडी राहिली तर पाणी तिथून आत शिरून रंगाच्या मागून चालत जातं. मग पोपडे निघतात आणि लोक रंगाला शिव्या घालतात.

तेव्हा आधी सगळ्या कडांना इपॉक्सी पाजा. पहिला हात आत मुरेल. तो ओलसर चिकट असतानाच दुसरा, मग तिसरा, कड पिणं थांबवेपर्यंत. चौकटी अजून बसवल्या नाहीत हे फार बरं झालं, भोकांच्या आतल्या कडा आत्ताच हाताशी आहेत.

स्क्रूच्या भोकांचंही तेच. हव्या त्या मापापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्यात योग्य मापाचं भोक पाडायचं. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. कंटाळवाणं काम आहे. पण ट्रेलरचं आयुष्य यावर ठरतं, रंगावर नाही.

वंगण

सुतारपक्षींना +१. आणि धारदार कोपरे गोल करा. रंग कुठलाही असो, ओला असताना तो धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. सगळ्यात जास्त घासला जाणारा भागही नेमका तोच.

बोटबांधी

प्लायच्या होड्या बांधते, त्यामुळे माझं मत इपॉक्सीकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकते.

छताला तरी कापड लावाच. प्लायचे वरचे थर ओंडका फिरवत सोलून काढलेले असतात. ओल आणि ऊन आलटून पालटून लागलं की त्या थराला रेषेच्या दिशेने बारीक बारीक चिरा जातात. रंग त्या चिरा थांबवू शकत नाही, तो त्यांच्याबरोबर फाटतो. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅमचं विणलेलं फायबरग्लास कापड इपॉक्सीत भिजवून चिकटवलं की हा प्रश्न मिटतो. शिवाय तुमची छताची कमान दोन थरांची आहे, कापड तिला ताठपणाही देईल.

काही गोष्टी ज्या डब्यावर बारीक अक्षरात असतात आणि कोणी वाचत नाही:

कापड काटकोनी कोपऱ्यावरून वळत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. कोपऱ्याला निदान ६ मिमी त्रिज्येची गोलाई द्या.

इपॉक्सी सावलीत आणि उतरत्या उन्हाच्या वेळी लावा. तापमान चढत असेल तर लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे करते. उतरत असेल तर लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं.

हार्डनरचं (इपॉक्सी कडक करणारा दुसरा द्रव) प्रमाण सांगितलेलं तेवढंच. "लवकर वाळावं म्हणून थोडं जास्त" हे पॉलिएस्टर रेझिनमध्ये (इपॉक्सीच्या जागी वापरतात तो स्वस्त द्रव) काही अंशी चालतं, इपॉक्सीत अजिबात नाही. जास्तीचा हार्डनर तसाच पडून राहतो आणि थर कायमचा मऊ होतो. कालवलेलं मिश्रण खोल डब्यात ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने धूर काढायला लागतं. पसरट ट्रेमध्ये ओता.

पुढचे हात आधीचा थर पूर्ण कडक व्हायच्या आत दिलेत तर दोन्ही थर रासायनिकदृष्ट्या एकजीव होतात, घासावं लागत नाही. उशीर झाला तर वर कधीकधी मेणचट साय येते. ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी साधं पाणी आणि खरखरीत स्क्रबरने धुवायची आणि मगच पॉलिश पेपर. उलट केलंत तर ती साय घासून घासून पृष्ठभागात बसते आणि वरचा रंग सोलून निघतो.

आणि शेवटचं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उघडी ठेवली तर पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी सुटते. म्हणजे इपॉक्सी हा रंगाला पर्याय नाही. त्यावर रंग किंवा अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश हवंच.

गोणपाट

बोटबांधीताई, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून वर्कशॉपमध्ये लावतो. पण एवढा खटाटोप सगळ्यांना झेपत नाही हो. गरिबांचा फायबरग्लास कोणी सांगितलाच नाही अजून!

सुती कॅनव्हास घ्यायचा, धुऊन त्यातली खळ काढायची. प्लायवर पाण्याला दाद न देणारा लाकडाचा गोंद रोलरने पसरायचा, त्यावर कॅनव्हास घालायचा, प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हवा बाहेर काढायची. वरून पुन्हा गोंदाचा पातळ हात, कापडातून आरपार जाईल असा. वाळलं की बाहेरच्या भिंतींच्या ॲक्रिलिक रंगाचे तीन-चार हात. वास नाही, अंगाला खाज नाही, हात पाण्याने धुतले की झालं. दिसायला किंचित खडबडीत. मला आवडतं.

माझा ट्रेलर असाच आहे आणि उघड्यावरच असतो. दगड उडून जिथे रंग गेला तिथे गोंदाचं बोट फिरवतो, रंग लावतो, पुढे निघतो.

सुतारपक्षी

गोणपाट, पद्धत वाईट नाही, पण दोन अटी सांगायला हव्यात. एक, साधा पांढरा गोंद चालणार नाही, तो ओल लागली की पुन्हा मऊ होतो. दुसरी, छताला उतार हवा. पाणी साचून राहिलं तर ॲक्रिलिक रंग हळूहळू फुगतो, आणि खाली कापूस आहे, काच नाही. कापूस कुजतो.

गोणपाट

दोन्ही मान्य. थेंबाच्या आकारावर पाणी साचत नाही म्हणून तर हे चालतं.

इतिहासाचेपान

अवांतर: गोणपाट यांच्या पद्धतीला फार जुनी परंपरा आहे. पहिल्या पिढीतली विमानं लाकडी सांगाड्यावर कापड ताणून आणि वर लेप देऊनच उडायची. लाकडी कनूही (वल्ह्याच्या अरुंद होड्या) कॅनव्हास चढवून, विणीतली छिद्रं बुजवून, रंगवून वापरायचे. पत्रेवाल्यांच्या बाजूने बोलायचं तर रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा एअरस्ट्रीम क्लिपर हा कॅम्पर ट्रेलर १९३६ मधला आहे, आणि त्याची बांधणी सरळ विमानाच्या धडावरून उचललेली. म्हणजे इथे चाललेला वाद मुळात विमानवाल्यांचा आहे.

झिपरी

म्हणजे आता आडवाटे यांना पंखही लावावे लागणार.

पत्रेवाला

बरं, आता सविस्तर लिहितो, नाहीतर लोक मला एका ओळीचा माणूस समजतील.

पत्रा का? कारण ऊन त्याचं काही बिघडवत नाही, आणि नाही रंगवला तरी चालतं. १ मिमीच्या आसपासचा ॲल्युमिनियम पत्रा हाताने कमानीवर वळतो. पण तो प्लायला सगळीकडून ठोकून जखडू नका. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. २.४ मीटरचा पत्रा पहाटेच्या थंडीपासून भर उन्हापर्यंत ५० अंश तापला तर पावणेतीन मिलिमीटर लांब होतो. प्लाय जवळजवळ हलत नाही. मग पत्र्याला जागा मिळाली नाही की तो फुगवटे धरतो, किंवा स्क्रूची भोकं फाडतो. म्हणून कडा पट्टीखाली दाबायच्या, भोकं लांबट ठेवायची, आणि पट्टीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी सील पट्टी). छताचा पत्रा भिंतीच्या पत्र्यावर उतरला पाहिजे, उलट नाही.

स्क्रू स्टेनलेसचे वापरणार असाल तर त्यांच्या खाली सीलंट भरा. ओल आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम बळी जातं. तांब्याचं औषध पाजलेलं लाकूड पत्र्याला टेकू देऊ नका, त्याने पत्र्याला खड्डे पडतात.

बोटबांधी

आणि पत्र्यामागच्या प्लायचं काय? रात्री पत्रा गार पडला की मागच्या बाजूला दव धरतं. आतला प्लाय कोरडा आहे की भिजलाय हे कळायला मार्गच नाही. रंगाखालची ओल निदान फुगून ओरडते तरी.

पत्रेवाला

म्हणून मागचा प्लाय आधी सील करायचा. मी कधी म्हटलं नाही करायचा?

बोटबांधी

"पत्रा. विषय संपला." असं म्हटलं होतंत. :)

शंकेखोर

मध्येच विचारतो. सांध्यांना सिलिकॉन लावलं तर? सगळीकडे मिळतं, लावायला सोपं.

वंगण

नाही. नाही. नाही.

सिलिकॉन पाणी अडवतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथे सिलिकॉन लागलं तिथे पुन्हा काहीच चिकटत नाही. रंग नाही, दुसरं सीलंट नाही, नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर नीट नाही. रंगवायच्या आधी जवळपास कुठे वापरलं असेल तर कपड्या-बोटांमार्फत पृष्ठभागावर पोचतं आणि ओल्या रंगात गोल गोल डोळे पडतात. मग ते खरवडत बसा.

खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप. कधीच पूर्ण कडक होत नाही, पुढे चौकट काढायची झाली तर निघते. जिथे कायमचं चिकटवायचंय आणि वरून रंग मारायचाय तिथे पॉलियुरेथेन सीलंट. ते मात्र काढायच्या वेळी प्लायचा थर घेऊनच निघतं, म्हणून खिडक्यांना नको.

खडबडीत

पिकअपच्या हौद्यात मारतात तो लायनर कोणी विचारात घेतला नाही का? रोलरने लागतो, दाणेदार दिसतो, दगडांना जुमानत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची लांबी (पुट्टी) कशीही भरलेली असो, झाकली जाते. आमच्यासारख्या हात वाकडा असलेल्यांसाठी वरदान. काळा तर एकदम रांगडा दिसतो.

सुतारपक्षी

समोरच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला आणि चाकांवरच्या कमानींना उत्तम. सगळ्या ट्रेलरला नको. वजन वाढतं, दाण्यांत धूळ बसते ती निघत नाही, आणि पुढेमागे खाली दुरुस्ती करायची वेळ आली तर घासून काढताना ब्रह्मांड आठवतं.

बोटबांधी

काळा रंग इपॉक्सीवर तर मुळीच नको. साध्या तापमानाला वाळणारी बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागते. गडद पृष्ठभाग भर उन्हात तेवढा सहज तापतो. मग गुळगुळीत केलेल्या रंगातून कापडाची वीण वर उमटते. पांढरा किंवा फिका रंग घ्या. आत झोपणाऱ्यांनाही तेच बरं.

खडबडीत

माझा काळाच आहे. दुपारी आत झोपतच नाही. :)

आडवाटे

इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दार-खिडक्यांच्या भोकांच्या कडांना कालपासून इपॉक्सी पाजायला घेतली. सुतारपक्षी, कडा खरंच पितात हो, पहिला हात कुठे गेला कळलंच नाही.

छत: कापड आणि इपॉक्सी, वर पांढरा रंग, हे नक्की. समोर खाली लायनर, तेही पटलं. राहिला प्रश्न बाजूच्या भिंतींचा. लाकूड दिसायला हवं ही अट अजून कायम आहे. व्हार्निश मारून मोकळं व्हावं का?

गोणपाट

अट घालणाऱ्या व्यक्तीच्या हातात ब्रश द्या. अट आपोआप शिथिल होते.

अटघालणारी

मीच ती व्यक्ती. धागा वाचतेय. ब्रश माझ्याच हातात आहे, मोकळी भाषणं करू नयेत.

झिपरी

धागा आता खऱ्या अर्थाने पेटला.

गोणपाट

ताई, शब्द मागे. दिवे घ्या.

बोटबांधी

अटघालणारी, तुमची अट पुरी होऊ शकते, फक्त तिची किंमत दरवर्षी भरावी लागते हे माहीत असू द्या.

नुसतं व्हार्निश मारलं तर ऊन आरपार जाऊन लाकूड करडं करतं आणि पकड सुटते. त्यामुळे आधी इपॉक्सी आणि तेच २०० ग्रॅमचं कापड. इपॉक्सीत पूर्ण भिजलं की ते पारदर्शक होतं, रेषा स्वच्छ दिसतात. फक्त कापड कोरडं राहता कामा नये, नाहीतर पांढरे डाग कायमचे. आणि लांबी भरलेली जागा, पेन्सिलच्या खुणा, घासल्याचे ओरखडे, सगळं दिसणार. रंगाखाली लपतं ते इथे लपत नाही.

त्यावर अतिनील किरणं शोषणाऱ्या मरीन व्हार्निशचे निदान पाच-सहा हात. मधे बारीक पॉलिश पेपरने हलकं घासायचं. पुढे चकाकी मंदावली की वाट न बघता घासून एक-दोन हात द्यायचे. रेषांवर पिवळे डाग दिसेपर्यंत थांबलात तर खाली इपॉक्सीपर्यंत खरवडावं लागतं. दोन भागांचं (लावायच्या आधी हार्डनर मिसळायचं) पारदर्शक पॉलियुरेथेन जास्त टिकतं, पण सुटायला लागलं की तुकड्या-तुकड्याने सुटतं.

माझं ऐकाल तर मधला मार्ग आहे. कमरेच्या वरचा पट्टा लाकडाचा ठेवा, खालचा रंगवा. चिखल, दगड, चाकाचं पाणी सगळं खालीच लागतं. वरचा पट्टा दरवर्षी घासायला सोपा आणि छोटा.

अटघालणारी

हे आवडलं. पट्टा चालेल.

आडवाटे

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

फुप्फुसमित्र

उशिरा आलो, पण कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन भागांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे थोड्या वासानेही दमा उठू शकतो. स्प्रेने मारताना साधा कार्ट्रिजवाला (हवा गाळणाऱ्या डब्या लावलेला) मुखवटा पुरेसा नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. आडवाटे रोलरने मारणार आहेत म्हणजे तुषार उडणार नाहीत, तरी मोकळी हवा, हातमोजे आणि कार्ट्रिज मुखवटा हवाच. एका भागाचा मरीन इनॅमल घेतलात तर ही कटकट नाही, टिकाऊपणा थोडा कमी.

इपॉक्सीचंही तसंच. पुरती न वाळलेली इपॉक्सी घासली तर तिची धूळ कातडीला ॲलर्जी लावते. वास नाही म्हणजे धोका नाही असं समजणारे बरेच भेटतात.

शंकेखोर

फोमचे ट्रेलर बांधतात त्यांना पण हेच लागू का? गुलाबी-निळे बोर्ड असतात ते.

सुतारपक्षी

ते पॉलिस्टायरिन. त्यावर गोणपाट यांची कॅनव्हास-गोंद पद्धत छान चालते, इपॉक्सीही चालते. पॉलिएस्टर रेझिन मात्र चुकूनही नको, त्यातलं स्टायरिन फोम विरघळवतं. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. प्लायवरही पॉलिएस्टरची पकड इपॉक्सीएवढी नसते, तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून तिकडे वळू नका.

वंगण

आणि आडवाटे, पेटी चासीवर कायमची बसवायच्या आधी खालची बाजू! वर एवढा जीव ओतायचा आणि तळ काही न लावता उघडा ठेवायचा, असं फार जण करतात. चाकं रस्त्यावरचं पाणी तिथेच फेकतात. उलटी करता येत असेल तर करा, कडा इपॉक्सीने भरा, तळाला डांबरी लेपाचे दोन हात. दिसत नाही, म्हणून घासायचीही गरज नाही.

आडवाटे

तळ राहिलाच होता! शेजारच्या चौघांना बोलावून पेटी उलटी करावी लागेल. बरं झालं सांगितलंत.

शेवटचा प्रश्न. खालच्या भागाला ॲक्रिलिक की इनॅमल? ॲक्रिलिक आधीच घरात पडून आहे. आणि दारं लगेच बसवली तर चालेल का?

गोणपाट

ॲक्रिलिक घ्या, पण दाराची घाई नको. हाताला कोरडा लागला तरी पूर्ण पक्का व्हायला महिनाभर जातो. त्याआधी रबरी गॅस्केट (दाराच्या कडेची सील पट्टी) दाबून बंद केलंत तर रबर रंगाला चिकटतं आणि दार उघडताना रंगाची पट्टी सोलून निघते. दार बसवणं भागच असेल तर गॅस्केटला टाल्कम पावडर चोळा. जिथे गॅस्केट टेकतं त्या चौकटीपुरतं इनॅमल वापरलंत तर अजून बरं.

सुतारपक्षी

ॲक्रिलिक इपॉक्सीवर मारणार असाल तर मधे प्रायमर हवा आणि त्याआधी ८० नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी पूर्ण घालवा. आणि संध्याकाळी उशिरा हात देऊ नका, दव पडलं की चकाकी मरते. इपॉक्सीला उतरतं ऊन, रंगाला सकाळ.

आडवाटे

नोंद केली. इनॅमल चौकटीला, ॲक्रिलिक बाकी खाली. पेटी रविवारी उलटतोय.

झिपरी

पंखांचं काय ठरलं?

पत्रेवाला

पंखांना पत्रा.